आज अडथळा कोणाकडे?

ज्या वस्तीची ही हकीकत आहे ती अस्तित्वात नव्हती, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेलं बरं. तिथे चाळीसेक घरं होती, एक सलून होतं, एक किराणा दुकान होतं, भांडणं होती, दोन कुत्री होती आणि ती दोन्ही चावायची. पण वस्ती नव्हती. तसा लेखी निर्वाळा खुद्द नकाशा विभागानं दिला होता, आणि नकाशा त्यांच्याकडे असल्यामुळे वाद घालण्यात काही अर्थ नव्हता.

भूगोल असा. पूर्वेचं गाव ओढ्यापाशी संपायचं आणि पश्चिमेचं शहर दगडी मोरीपाशी सुरू व्हायचं. हद्दी आखल्या गेल्या तेव्हा एक मोजणीदार पूर्वेकडून निघाला आणि दुसरा पश्चिमेकडून. पहिला ओढ्याच्या काठी जेवायला बसला, दुसरा मोरीच्या सावलीत. दोघांनाही जेवणावर डुलकी लागली. उठल्यावर दोघांनीही उरलेली जमीन समोरच्यानं मोजली असणार असा परस्परांवर पूर्ण विश्वास दाखवून सह्या ठोकल्या. मधे जो लांबलचक तुकडा राहिला, तो त्या विश्वासाचं फळ. ओढ्यापासून मोरीपर्यंत चालत जायचं तर अर्धा दिवस मोडायचा, आणि या अर्ध्या दिवसाच्या बरोबर मध्यावर ही नसलेली वस्ती होती.

इतिहास त्याहून सुटसुटीत. रस्ता बांधणाऱ्या मजुरांची एक टोळी इथे आली, रोलर बंद पडला आणि मुकादम "पार्ट घेऊन आलोच" असं सांगून गेला. मजूर वाट बघत बसले. बघता बघता त्यांनी चुली मांडल्या, मग भिंती घातल्या, मग लग्नं लावली. दरम्यान दुसऱ्याच टोळीनं दुसऱ्याच रोलरनं रस्ता पुरा केला, तो थेट यांच्या अंगणातून. मुकादम काही आला नाही. त्याची वाट बघणाऱ्यांची आता तिसरी पिढी होती.

या तिसऱ्या पिढीत कात्री होती. बाई शिवणकाम करायची, पण नाव पडलं होतं ते जिभेमुळे. मोठी माणसं तिला तोंडावर बाई म्हणायची आणि पाठीमागे कात्री. पोरंसोरं सरळ कात्रीकाकू म्हणायची, आणि तिला तेच जास्त आवडायचं. नवरा नव्हता. एक मुलगी होती, आणि त्या मुलीला शहरातल्या परिचारिका विद्यालयात प्रवेश मिळाला होता. कात्रीची जगाकडे एकच मागणी होती. पोरगी शिकावी आणि संध्याकाळी घरी यावी. दोन्ही. यातलं एक घ्या आणि दुसरं सोडा, असं कोणी सुचवलं की ती त्या माणसाचं माप घ्यायला बसायची.

आता घरी यायचं तर बस हवी. बस होती. रोज सकाळी पूर्वेकडून यायची, संध्याकाळी पश्चिमेकडून, आणि घरांना इतकी खेटून जायची की कठड्यावर वाळत टाकलेली चादर आरशात अडकून शहर बघून यायची. पण थांबायची नाही. नियम स्वच्छ होता: बस फक्त थांब्यावर किंवा अडथळ्यावर थांबेल. थांबा द्यायचा तर वस्ती लागते. अडथळ्याला मात्र कसलीच अट नव्हती.

तेव्हा वस्तीनं अडथळा घातला. रोज एका घरानं रस्त्यात सायकल आडवी टाकायची. बस करकचून थांबायची. ड्रायव्हरमामा खाली उतरून शिव्या द्यायचे, आणि शिव्या चालू असेपर्यंत सगळ्यांनी मागच्या दारानं चढून घ्यायचं. मामा भला माणूस. म्हातारी माणसं चढायची असली की ते मजुरांच्या तिन्ही पिढ्यांचा समाचार घ्यायचे; नुसती कॉलेजची पोरं असली की एका पिढीवर भागवायचे. मग सायकल बाजूला व्हायची, मामा आपल्या जागेवर बसायचे आणि वहीत प्रामाणिकपणे लिहायचे: अडथळा, सायकल, दूर केला. संध्याकाळी हेच उलट दिशेनं.

त्यामुळे वस्तीत सकाळी कोणी कोणाला "बरं आहे ना" असं विचारत नसे.

"आज अडथळा कोणाकडे?" असं विचारत.

"किराणावाल्याकडे."

"मग लवकर निघा. तो मेला सायकल टाकतो ती कडेला. परवा बस वळसा घालून गेली."

असं वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं. मग एके दिवशी अडथळा सलूनवाल्याकडे होता आणि त्याची सायकल मेव्हण्यानं नेली होती. त्यानं शेजाऱ्याची मागायला हवी होती, पण शेजाऱ्याशी अबोला. त्यानं सलूनमधली खुर्ची आणून रस्त्याच्या कडेला उभी ठेवली. लांबून मामांना वाटलं गिऱ्हाईक बसवलंय. त्यांनी हॉर्न वाजवून नमस्कार केला आणि बस पुढे गेली.

मुलीचा दिवस बुडाला. दुसऱ्या दिवशी विद्यालयाच्या मोठ्या बाईंनी तिला उभं केलं.

"काल का नाही आलीस?"

"बस थांबली नाही."

"का?"

"अडथळा नव्हता, बाई."

मोठ्या बाई सेवेत म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण हे कारण त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी बजावलं की पुन्हा असं झालं तर नाव कमी होईल. वसतिगृह आहे, पण त्याला राहत्या जागेचा पत्ता लागतो. पत्ता काय तुझा? मुलीनं आजवर पत्ता कधी लिहिलाच नव्हता. तिला कोणी पत्र लिहायचं तर ते मामांकडे द्यायचं आणि मामा शिव्या देता देता टाकायचे.

त्या संध्याकाळी कात्रीनं मशीनवर झाकण टाकलं. "उद्या मी जाते," ती म्हणाली. "थांबा घेऊनच येते."

"आई, तिथे भांडू नकोस."

"भांडत नाही गं. बोलते."

"तेच म्हणतेय मी."

परिवहन कार्यालयातले साहेब मनमिळाऊ होते. त्यांनी कात्रीला खुर्ची दिली, पाणी विचारलं, आणि मग कामाचं विचारलं.

"थांबा हवाय."

"कोणत्या गावाला?"

"गाव नाही. वस्ती आहे."

"कोणत्या गावाची वस्ती?"

"कोणत्याच नाही."

साहेबांनी मागे वळून भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. ओढा होता, मोरी होती, मधे कागद होता. "बाई, इथे तर काहीच नाही."

"मी आहे की."

"तुम्ही इथे आहात. माझ्या कार्यालयात."

"संध्याकाळी तिथे असेन."

"तेव्हा कार्यालय बंद असतं," साहेब म्हणाले, आणि मुद्दा जिंकल्यासारखे मागे रेलले. "शिवाय त्या ठिकाणी चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची नोंद शून्य आहे. मागणीच नाही."

"तिकीट मागच्या गावाचं फाडतात ना आमचं! तिथे थांबाच नाही तर तिथली नोंद कशी होणार?"

"बरोबर. नोंद नाही म्हणून थांबा नाही." साहेबांना तिच्या आकलनाचं कौतुक वाटलं. "पण मी तुम्हाला रिकाम्या हातानं पाठवणार नाही. नव्या धोरणात तरतूद आहे. ज्या जागेला स्वतःचा इतिहास आणि भूगोल आहे, तिचा विचार होऊ शकतो. दोन्ही लिहून आणा. मग पाहणी होईल."

कात्री परतली आणि रात्रीच्या आत वस्तीत इतिहासाचं मंडळ स्थापन झालं. लिहायचं काम सलूनवाल्याकडे आलं, कारण खुर्चीचं पाप त्याच्याच डोक्यावर होतं आणि शिवाय त्याच्याकडे आरसा होता, त्यामुळे तो स्वतःला विद्वान समजायचा. त्यानं पहिलं वाक्य लिहिलं: फार पूर्वी एक महाप्रतापी राजा दिग्विजयावरून परतताना आपल्या हत्तीला पाणी पाजण्यासाठी येथे उतरला.

"हत्तीला?" कात्री म्हणाली. "अरे, तुझ्याकडे दाढीला पाणी नसतं. हत्तीला कुठून पाजलंस?"

"बाई, सगळ्यांच्या इतिहासात राजा असतो."

"असू दे. आपल्यात मुकादम आहे. खरं लिही."

"खरं लिहिलं तर फारच लहान होईल हो."

"होऊ दे. कापड कमी असलं म्हणून मी काय शेजारणीचा पदर फाडून जोडते का?"

शेवटी खरा इतिहास गेला. रोलर बंद पडला, मुकादम गेला, आम्ही राहिलो. भूगोल त्याहून लहान: पूर्वेला ओढा, पश्चिमेला मोरी, मधे आम्ही. काही दिवसांनी कार्यालयाचा शेरा आला की इतिहास प्राप्त झाला, मात्र मुकादमाची वाट बघत असलेले लोक तात्पुरते वास्तव्यास आहेत की कायम, हे त्यावरून स्पष्ट होत नाही. सबब स्वतः सुरक्षा अधिकारी येऊन पाहणी करतील.

अधिकारी येणार! वस्तीत आजवर मुकादमानंतर कोणी सरकारी माणूस आला नव्हता. अंगणं झाडली गेली. दोन्ही कुत्री बांधली गेली. आणि आदल्या दिवशी पिंपळाखाली सभा भरली तेव्हा किराणावाल्यानं तो प्रश्न काढला, ज्यावर सगळं येऊन ठेपलं.

"साहेब गाडीनं येणार ना?"

"हो."

"मग गाडी थांबणार कशी?"

सभा चिंतेत पडली. हसू नका. या लोकांनी जन्मापासून शेकडो गाड्या बघितल्या होत्या आणि एकही आपणहून थांबलेली बघितली नव्हती. गाडी म्हणजे जी सायकल आडवी टाकल्याशिवाय पुढे निघून जाते ती, अशी त्यांची साधी व्याख्या होती. साहेब आले आणि थांबले नाहीत तर पाहणी होणार कशी?

"एक सायकल टाकू," कोणीतरी म्हणालं.

"एक? रोजच्या बसला एक टाकतो आपण. साहेबाला एकच टाकली तर मान राहतो का?"

हे सगळ्यांना पटलं. कात्रीलाही पटलं, आणि इथेच तिच्या जिभेनं आयुष्यात पहिल्यांदा दगा दिला. ती कापायच्या जागी गप्प राहिली. ठरलं की प्रत्येक घरानं आपली सायकल टाकायची. ज्यांच्याकडे नाही त्यांनी हातगाडी, बाजलं, जमेल ते. सलूनवाल्यानं खुर्ची आणली. यावेळी ती झोपवून ठेवली.

सुरक्षा अधिकारी वळणावरून आले तेव्हा त्यांना दिसलं ते असं: साऱ्या रस्त्यावर सायकलींचा खच, मधे बाजली, मागे हातगाड्या, आणि त्यापलीकडे धुतलेले कपडे घालून हात जोडून उभा असलेला हसतमुख जमाव. गाडी इतकी करकचून थांबली की साहेबांचा चष्मा पुढच्या काचेवर जाऊन बसला.

"हे… हे काय आहे?"

"अडथळा, साहेब," किराणावाला अभिमानानं म्हणाला.

"कशासाठी?"

"तुमच्यासाठी!"

साहेबांनी दार आतून लावून घेतलं आणि काच बोटभर खाली केली. "असं नेहमी होतं का?"

"रोज, साहेब! सकाळ-संध्याकाळ. एक दिवस खाडा नाही. ड्रायव्हरमामांची वही बघा ना. फक्त मधे एकदा चुकलं, त्याबद्दल माफी असावी."

कात्रीला आता कुठे काहीतरी उसवल्यासारखं वाटलं. ती पुढे आली. "साहेब, अडथळा सोडा. आम्हाला एक खांब द्या. नुसता खांब. त्याला बस थांबेल, पोरं चढतील, आम्ही सायकली घरात ठेवू."

"म्हणजे खांब दिला तर अडथळे बंद कराल?"

"हो की."

"ही धमकी समजायची का, बाई?"

साहेबांनी अहवाल तिथे नाही, कार्यालयात पोचल्यावर लिहिला. मामांच्या वह्या मागवण्यात आल्या. त्यात वर्षानुवर्षांचे अडथळे ओळीनं मांडलेले होते. इतका शिस्तबद्ध धोका खात्यानं आजवर बघितला नव्हता. निर्णय लवकर झाला. वाईट निर्णय लवकर होतात, त्यांना कोणाला विचारावं लागत नाही. सदर ठिकाण हे अतिधोकादायक अडथळाप्रवण क्षेत्र घोषित करण्यात येत असून तशा ठिकाणी थांबा देणे सुरक्षेच्या दृष्टीनं अशक्य आहे. वाहतुकीसाठी वळणरस्ता बांधण्यात यावा. आणि जुन्या रस्त्यावर पुन्हा कोणी अडथळे टाकू नयेत म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना मोठमोठे दगड टाकण्यात यावेत.

दगड टाकले गेले. वळणरस्ता झाला, तो दूर नव्हे, शेतापलीकडेच, पण घरांच्या छपराहून उंच भरावावर आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी कठड्याचा. सायकल वर नेणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं. आणि वस्तीच्या तोंडाशी एक भलामोठा फलक लागला: अडथळाप्रवण क्षेत्र.

वस्ती त्या फलकापुढे उभी राहून रडायची बाकी होती. आनंदानं.

"नाव मिळालं!" सलूनवाला म्हणाला. "नकाशात आलो आपण, बाई!"

"आलो," कात्री म्हणाली. "आणि बस गेली."

पण नावाचे फायदे दिसू लागले, हे कबूल करायला हवं. पत्रं येऊ लागली. सलूनवर पाटी चढली: अडथळा केशकर्तनालय. लग्नाच्या बाजारात "मुलगा खास अडथळ्यातला" असं अभिमानानं सांगितलं जाऊ लागलं. आणि कात्रीच्या मुलीनं विद्यालयातल्या रकान्यात आयुष्यातला पहिला पत्ता लिहिला. मोठ्या बाईंनी तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि तिला वसतिगृहात जागा दिली.

जायच्या दिवशी मुलगी मोरीपर्यंत चालत जाणार होती. कात्रीनं तिची पिशवी दोनदा भरली, दोनदा उपसली.

"आई, दर सुट्टीला येईन मी."

"येशील गं. आता पत्ता आहे आपल्याला, हरवायची नाहीस."

पहिली सुट्टी आली आणि मुलगी परवानगी मागायला गेली. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी नियम काढून दाखवला. विद्यार्थिनींना सुट्टीत घरी जाण्याची पूर्ण मुभा आहे, मात्र घोषित धोकादायक क्षेत्रात पाठवण्याची जबाबदारी वसतिगृह घेऊ शकत नाही. तुझाच पत्ता आहे ना हा? तूच लिहिलास ना? मुलीनं पत्रात लिहिलं, "आई, मी सुखरूप आहे. तेवढंच काय ते वाईट आहे." कात्रीनं ते सलूनवाल्याकडून एकदा वाचून घेतलं आणि दुसऱ्यांदा वाचू दिलं नाही.

शिक्षण पुरं होईस्तोवर माय-लेकींची भेट झाली नाही. कात्री दोनदा मोरीपर्यंत चालत आणि पुढे बसनं शहरात गेली. दोन्ही वेळा वसतिगृहानं तिला फाटकाशी थोपवलं, कारण धोकादायक क्षेत्रातून आलेल्या अभ्यागतांसाठी वेगळी खोली नव्हती. दुसऱ्या वेळी तिनं पहारेकऱ्याला जे ऐकवलं त्यानं ड्रायव्हरमामांनाही चार नवे शब्द मिळाले असते.

मग निरोप आला. मुलगी पास झाली होती आणि तिला पूर्वेकडच्या, फार लांबच्या दवाखान्यात नेमणूक मिळाली होती. आठवड्यानं वसतिगृह सुटलं की थेट त्याच दिवशी रुजू व्हायचं होतं. बस वळणरस्त्यानं जाणार होती. आणि बसमध्ये मामाच असणार होते.

मामांनी स्वतः निरोप पाठवला होता. आता नवा नियम निघालाय, बाई. वळणरस्त्यावर एखाद्या प्रवाशाची विनंती असेल तर बस दोन मिनिटं थांबवता येते. एकच अट आहे, बाकी कोणत्याही प्रवाशाची हरकत नसावी. वर येऊन उभ्या राहा.

कात्रीनं त्या आठवड्यात दुसरं काहीही शिवलं नाही. पांढराशुभ्र गणवेश शिवला, कॉलरीला आतून दुहेरी टीप घातली, शिलाई उसवून पुन्हा मारली. पाऊलवाटही नसलेल्या भरावाला तिनं खुरप्यानं पायऱ्या कोरल्या. सकाळपासून ती कठड्याला धरून उभी होती, आणि तिच्यासोबत सलूनवाला, बाईला आधार म्हणून, पण वाऱ्यानं तोच जास्त डळमळत होता.

बस दिसली. वेग कमी झाला. कमी होत होत ती जवळजवळ चालत आली. मुलगी दारात उभी होती, पिशवी खाली ठेवून, एक हात बाहेर काढून. कात्रीनं गणवेशाचं पुडकं कठड्यावरून पुढे धरलं. आत मामांनी मान वळवून काहीतरी विचारलं. सगळ्या बसनं माना हलवल्या: हो, हो, थांबवा की, दोन मिनिटं काय ती. एका म्हाताऱ्यानं तर टाळ्या वाजवल्या.

मग मधल्या एका सीटवरून एक हात वर झाला. घड्याळ घातलेला.

मामांनी डोळे मिटले. बसनं वेग घेतला. मुलीची बोटं पुडक्याच्या दोऱ्याला लागली न लागली, आणि कात्रीच्या हातात गणवेश तसाच राहिला.

धूळ खाली बसली.

"कोण होता तो मेला?" सलूनवाल्यानं शेवटी विचारलं. "बघितलात का तुम्ही? राक्षस असेल नाही?"

"छे रे," कात्री म्हणाली. तिची नजर अजून रस्त्यावरच होती. "चांगल्या घरचा वाटला. डोळ्यात दुष्टपणा नव्हता. खरं सांगायचं तर त्यानं बाहेर बघितलंच नाही. एक हात वर केला, आणि दुसऱ्या हातात पुस्तक होतं."

"पुस्तक?"

"हो. आपल्यासारख्यांच्या गोष्टी असतात ना, सरकारी कारभाराची टर उडवणाऱ्या, तसलं काहीतरी असणार. अगदी रंगून वाचत होता. मधेमधे हसत होता."